मध्ययुगातला एक दिवस : भुकूमच्या वर्गातून शोधताना



सातवीचा इतिहास सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात मी वर्गाला एक प्रश्न विचारते, "मध्ययुग म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं?" भुकूममधला आमचा वर्ग आता निम्मा गावठाणातला आणि निम्मा नव्या सोसायट्यांमधला आहे. सोसायटीतली मुलं पटकन सांगतात, "बाई, चिलखतातले सरदार, दगडी किल्ले, खंदक!" एखादा ड्रॅगनही सांगतो. ही मुलं सिनेमातून आणि गेममधून युरोपचं मध्ययुग बघून आलेली असतात. गावातली मुलं सांगतात, "मावळे, तोरणा, तलवारी, लढाया."

मी दोन्ही याद्या फळ्यावर लिहिते आणि विचारते, "यातलं कोणी जेवतंय का? दळतंय का? आजारी पडलंय का? कुणाला पावसात घरी जायला उशीर झालाय का?" वर्ग गप्प होतो. आपल्या धड्याची सुरुवात तिथून होते.

युरोप असो की मावळ, मध्ययुगातल्या माणसाच्या आयुष्यात लढाईचे दिवस थोडे आणि साधे दिवस पुष्कळ होते. या साध्या दिवसांचा शोध मुलांना घरातूनच सुरू करता येतो. तो कसा घेता येईल, त्यात मी कुठे चुकले आणि काय बदललं, ते या लेखात सांगते.

आधी शब्द समजून घेऊ

'मध्ययुग' हा शब्द युरोपच्या इतिहासातून आपल्याकडे आला. तिथे साधारण पाचव्या ते पंधराव्या शतकापर्यंतच्या काळाला मध्ययुग म्हणतात. आपल्याकडे मात्र हा कालखंड अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत धरण्याची रीत आहे. त्यामुळे गंमत होते. शिवाजी महाराजांचा काळ (१६३० ते १६८०) आपण मध्ययुगात शिकतो, आणि त्याच काळात इंग्लंडमध्ये न्यूटन होता. त्याचा गुरुत्वाकर्षणाचा ग्रंथ १६८७ साली छापला गेला, म्हणजे महाराजांनंतर अवघ्या सात वर्षांनी.

हे मुलांना पट्टी काढून दाखवा. कागदाची एक लांब पट्टी युरोपची, दुसरी आपली, आणि दोन्हींवर शतकं समान अंतरावर. दोन पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की मुलांना कळतं की 'मध्ययुग' हे नंतरच्या लोकांनी चिकटवलेलं लेबल आहे. त्या काळातल्या कोणालाही आपण 'मधल्या' युगात जगतोय असं वाटत नव्हतं.

आणखी एक पथ्य सुरुवातीलाच सांगते, काळाची गल्लत नको. 'पूर्वी' हा शब्द आमच्या वर्गात बंद आहे. कुठलीही गोष्ट सांगताना 'कोणत्या शतकात' हे सांगावंच लागतं.

ताट रिकामं करण्याचा खेळ

हा खेळ मुलांना फार आवडतो. साल धरायचं १४७०. मुलांनी काल रात्री घरी जे जेवलं त्याची यादी करायची आणि त्या साली आपल्याकडे नसलेल्या वस्तू खोडायच्या.

मिरची खोडा. बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणे, साबुदाणा खोडा. काजू, पेरू, पपई, अननसही खोडा. ही सगळी पिकं मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली आणि वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून यातली बरीचशी आपल्या किनाऱ्यावर उतरली. चहाही खोडा, तो तर घरोघरी यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

मग वडापावातलं काय उरतं? बटाटा गेला, मिरची गेली, पाव गेला. उरलं बेसन, हळद, लसूण आणि तेल, तेही शेंगदाण्याचं नाही. उपासाच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी तर अख्खीच गेली! मुलं हसतात, पण हा धडा ती घरी जाऊन आजीला सांगतात आणि आजी वाद घालते. तो वाद होऊ द्या.

उरलं ते काय, हेही बघा. आपल्या मावळात भात, नाचणी, वरी. डाळी-कडधान्यांत तूर, उडीद, हुलगा. दूध, ताक, तूप. तिखटपणासाठी मिरी, पिंपळी, आलं, मोहरी. म्हणजे जेवण बेचव नव्हतं, वेगळं होतं.

आता युरोपच्या ताटाकडे वळा. तिथलंही ताट असंच रिकामं होतं. इटलीत टोमॅटो नाही, आयर्लंडमध्ये बटाटा नाही. साध्या शेतकऱ्याच्या घरी राय किंवा जवाच्या पिठाची काळपट भाकरीसारखी रोटी, आणि चुलीवर रटरटणारं कडधान्य-भाजीचं पातळ कालवण. आपल्याकडची मिरी तिथे श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात. मावळातल्या शेतकऱ्याचं आणि इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचं ताट शेजारी शेजारी ठेवलं तर दोघांत साम्य जास्त दिसतं. धान्य, कडधान्य, पालेभाजी, आणि सणाला काहीतरी बरं.

जात्याची गोष्ट, दोन देशांतली

भुकूमच्या जुन्या घरांपैकी काहींच्या अंगणात अजून जातं आहे. कुठे त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय, कुठे ते पायरीला लावलंय. एका पालकांनी ते वर्गात आणून दिलं, दोघांनी उचलून. आम्ही नाचणी दळली. पहिल्या दोन मुलांचे हात पाच मिनिटांत भरून आले. मग हिशेब मांडला. घरात सहा माणसं, दोन वेळची भाकरी, तर रोज किती दळायचं? आणि ते कोण दळायचं? पहाटे उठून, घरातली बाई. पावसाळ्यातही, आजारपणातही, लग्नानंतर दुसऱ्या दिवशीही.

इथे मुळशीतल्या पालकांना एक अभिमानाची गोष्ट सांगायला हवी. जात्यावर बसून बायका ओव्या गात. या ओव्या कुठल्या दरबाराच्या कागदात नाहीत, कारण गाणाऱ्यांना लिहिता येत नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या एक हजारांहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामात आपल्या मुळशी तालुक्यातल्या डोंगरवाड्यांतल्या बायकांचा मोठा वाटा आहे. आज त्या ऐकायलाही मिळतात. ओव्या गोळा झाल्या विसाव्या शतकात, त्यामुळे त्यांना थेट मध्ययुगाचा पुरावा म्हणू नका. पण दळणारी बाई पहाटे काय विचार करत असेल, माहेर, भाऊ, विठोबा, सासूचा जाच, हे समजून घ्यायला याहून जवळची वाट दुसरी नाही.

आता युरोपातलं जातं. तिथे बऱ्याच ठिकाणी गावाच्या मालकाची पाणचक्की असे, मालक म्हणजे जहागीरदार किंवा मठ. रयतेने तिथेच दळायला नेलं पाहिजे आणि दळणाचा काही हिस्सा चक्कीवर ठेवला पाहिजे, अशी सक्ती असे. इंग्लंडमध्ये सेंट अल्बन्स नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी घरात हातजाती ठेवली होती. चौदाव्या शतकात तिथल्या मठाधिपतीने ती जप्त केली आणि मठातल्या एका दालनाच्या फरशीत बसवून टाकली. पुढे १३८१ साली इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा लोक मठात शिरले, त्यांनी ती फरशी उखडली आणि दगडांचे तुकडे आपसांत वाटून घेतले.

ही गोष्ट सांगितली की मी मुलांना विचारते, "तिथे घरात जातं ठेवणं हे स्वातंत्र्य होतं. आपल्याकडे घरातलं जातं बाईला काय वाटत असेल?" एका मुलीने लिहिलं होतं, 'आजी म्हणाली, गिरणी आली तेव्हा मला मोकळं वाटलं, पण गाणं गेलं.' या एका वाक्यावर आमचा अख्खा तास गेला.

युरोपातला पाहुणा आपल्याकडे

मुलांना युरोपचं मध्ययुग शिकायचंय ना? मग त्या काळचा एक खराखुरा युरोपीय माणूसच वर्गात आणा. अफनासी निकितिन हा आजच्या रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. सुमारे १४७० च्या आसपास तो इराणमार्गे होर्मुझला आला आणि तिथून जहाजाने चौलला उतरला. म्हणजे वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. विकायला बरोबर एक घोडा आणला होता. तेव्हा आपल्या भागात बहमनी राज्य होतं. चौलहून घाट चढून तो जुन्नरला पोचला आणि पावसाळाभर तिथे अडकून पडला.

जुन्नरला त्याच्यावर मोठाच प्रसंग आला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देईन, असं सांगितलं. परक्या मुलखात एकटा माणूस, सगळं भांडवल त्या घोड्यात. शेवटी खुरासानच्या एका माणसाने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. परतीच्या प्रवासात, घरी पोचायच्या आधीच निकितिन वारला. पण त्याने लिहिलेली टिपणं मागे राहिली.

त्या टिपणांत राजे-सरदार आहेतच, पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. लोक काय नेसतात, केस कसे बांधतात, पावसाळ्यात चिखल किती, पेरणी कधी, घोड्यांना काय खायला घालतात, हे त्याने लिहून ठेवलंय. घोड्यांना हरभरे घालतात आणि खिचडी शिजवून घालतात, असं तो लिहितो. 'खिचडी' हा शब्द साडेपाचशे वर्षांपूर्वी एका रशियन माणसाच्या वहीत! आणि हा गोरा माणूस कोण, म्हणून लोक आपल्यामागे जमतात, हेही त्याने नोंदवलंय. आपण त्यांना बघतोय तसे तेही आपल्याला बघतायत, हे त्याला कळत होतं.

यावरून गृहपाठ असा द्या. 'तू निकितिन आहेस. आज तू स्वतःच्याच घरी पहिल्यांदा पाहुणा म्हणून आलायस. काय काय दिसलं ते दहा ओळींत लिही.' पालकहो, हा गृहपाठ वाचताना मन घट्ट ठेवा. 'या घरात चार माणसं एका टेबलावर बसतात आणि चौघं चार पडद्यांकडे बघतात,' असं एकाने लिहिलं होतं.

भुकूमवरून जाणारा आपला पौड रस्ता पुढे ताम्हिणी घाट उतरून कोलाडला जातो, आणि तिथून रोह्यामार्गे चौल-रेवदंडा गाठता येतं. रेवदंड्याला निकितिनचं स्मारक आहे. पलीकडेच कोर्लई आहे, तिथल्या काही घरांत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. सहलीला रिसॉर्टच पाहिजे असं नाही.

हात, मूठ आणि घटका

गणिताच्या शिक्षकांना इथे सोबत घ्या. सभासद बखरीत शिवकालीन जमीनमोजणीचं माप दिलंय. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघे म्हणजे एक चावर. पिकाच्या पाच वाटण्या करून तीन रयतेला आणि दोन सरकारात, हेही तिथेच आहे.

आम्ही शाळेचं मैदान अशा काठीने मोजलं. प्रत्येक गटाने आपापल्या हाताने काठी तयार केली आणि अर्थातच प्रत्येक गटाची काठी वेगळ्या लांबीची झाली. मग मुलांनीच विचारलं, "बाई, कुणाचा हात धरायचा?" हाच तर खरा प्रश्न! काठी लांब धरली तर बिघे कमी भरतात, सारा कमी बसतो. आखूड धरली तर बिघे वाढतात आणि साराही वाढतो. काठी ठरवून देणं हे रयतेच्या पोटाशी निगडित काम होतं, हे मुलांना मैदानावर कळलं.

वेळेचंही तसंच. दिवस-रात्रीच्या साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. तळाला बारीक भोक पाडलेली वाटी पाण्यावर ठेवायची. ती हळूहळू भरून बुडाली की एक घटका झाली. नारळाच्या करवंटीला भोक पाडून हे घटिपात्र करता येतं. बरोबर २४ मिनिटांत बुडेल एवढं भोक पाडायला आमच्या मुलांना सात करवंट्या लागल्या.

युरोपच्या गावात वेळ कळायची ती चर्चच्या घंटेवरून. आणि त्या घंटांपैकी काही आपल्याकडे आहेत! १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत बांधल्या. भीमाशंकरची मोठी घंटा त्यातलीच, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातलीही. भीमाशंकरला जाऊन आलेल्या मुलांना विचारा, घंटा वाजवली का? मग त्यांना सांगा की युरोपातल्या गावाला उठवायला, जेवायला आणि प्रार्थनेला बोलावणाऱ्या घंटा तशाच असायच्या.

गाव, आणि माझी चूक

आता अवघड भाग. इथे मी चुकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

गावाचं चित्र आपण असं शिकवतो. वस्तीची जागा ती पांढरी, शेताची ती काळी. पाटील, कुलकर्णी, चौगुला. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, गुरव, जोशी, महार, मांग असे बलुतेदार. बलुतेदारांना पगार नाही, सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली लिहिलं, त्यात या व्यवस्थेचं बारीक वर्णन आहे. चित्र छान, फळ्यावर मावणारं. सगळे सगळ्यांच्या उपयोगी.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, मी 'आपलं जुनं गाव' असा नाट्यप्रवेश घ्यायचं ठरवलं. चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एक बलुतेदार. मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या. एका मुलाने चिठ्ठी उघडली, परत घडी घातली, मुठीत धरली आणि हळूच म्हणाला, "बाई, दुसरी देता का?" मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मला तेव्हाही पूर्ण उमगलं नाही. मी म्हटलं, "अरे, सगळी कामं सारखीच." दुसऱ्या दिवशी तो आला नाही, त्याचे वडील आले. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "बाई, आम्ही जे टाकून आलो, ते तुम्ही चिठ्ठी करून त्याच्या हातात दिलंत."

त्या दिवसापासून माझ्या वर्गात जातीच्या भूमिका कोणीही करत नाही. चिठ्ठीने नाही, आवडीने नाही, गंमत म्हणूनही नाही.

पण मग तो विषय गाळायचा का? नाही. गाळला तर इतिहास खोटा होतो. 'सगळी कामं सारखीच' हे माझं वाक्यच खोटं होतं. गावची वेस राखणं, निरोप पोचवणं, सीमेच्या भांडणात साक्ष देणं ही कामं महार करत, आणि सीमेच्या बाबतीत त्यांचा शब्द मानला जाई. पण राहायचं गावकुसाबाहेर, आणि गावच्या पाणवठ्याला हात लावायचा नाही. ज्याच्या साक्षीवर गावाची हद्द ठरायची त्यालाच गावाच्या आत घर नव्हतं. हे मुलांना समजतं. आपण समजतो त्यापेक्षा चांगलं समजतं.

चौदाव्या शतकात चोखामेळा आणि त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी अभंगांतून नेमका हाच प्रश्न देवालाही विचारला. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला, तो १३३८ साली, असं परंपरा सांगते. ज्या गावकुसाबाहेर ठेवलं, तेच बांधताना मरण. मध्ययुगातल्या साध्या माणसाचा स्वतःचा आवाज हवा असेल तर तो या अभंगांत आहे.

युरोपशी तुलना इथे फार उपयोगी पडते. तिथेही भूदास नावाचा मोठा वर्ग होता. जन्माने जमिनीला बांधलेला, मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता न येणारा. १३४७ ते १३५१ या काळात युरोपात भयंकर प्लेग आला. लोकसंख्येचा मोठा हिस्सा गेला, मजूर मिळेनात, आणि पश्चिम युरोपात ही बांधणी हळूहळू सैल होत गेली. आपल्याकडची बांधणी फार उशिरापर्यंत टिकली. महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. ही कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द करण्याचा कायदा झाला तो थेट १९५८ साली. म्हणजे मुलांच्या पणजोबांचं, काहींच्या आजोबांचंही बालपण या 'मध्ययुगात' गेलेलं आहे. काळाच्या पट्टीवर ही खूण मुलांना स्वतःच्या हाताने करू द्या.

मग आता काय करते?

भूमिकांऐवजी वस्तू देते. प्रत्येक गटाला एक वस्तू: घोंगडी, इरलं, मडकं, विळा, चप्पल, दोर, पणती. गटाने पाच प्रश्नांची उत्तरं शोधायची. ही कशापासून झाली? कुणी केली? त्याबद्दल त्याला काय मिळालं? कुणी वापरली? आणि पाचवा, ही वस्तू किंवा ती करणारा माणूस कुठे येऊ दिला जात नव्हता? पाचव्या प्रश्नाने धडा खरा होतो, आणि कुठल्याही एका मुलावर त्याचं ओझं पडत नाही.

दुसरा उपक्रम निशाणीचा. गावच्या तंट्याचा निवाडा सभेत होई आणि त्याचा कागद होई, त्याला महजर म्हणत. सही करता न येणारे आपली निशाणी काढत: पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, न्हाव्याचा आरसा. निशाणी म्हणजे माणसाचं काम. मी मुलांना सांगते, "तुमची निशाणी तुम्ही ठरवा. जन्माने मिळालेली नको, तुम्हाला जे करायला आवडतं त्याची." कुणी सायकलचं चाक काढतं, कुणी पातेलं, कुणी बासरी. मग वर्गाच्या नियमांचा एक महजर करून त्यावर सगळे निशाण्या उमटवतात. मी पण काढते. माझी खडूची असते.

गेल्या वर्षी या उपक्रमानंतर एका सोसायटीतल्या मुलीने विचारलं, "बाई, आमच्याकडे येणाऱ्या मावशी म्हणजे बलुतेदार का?" आम्ही फळ्यावर दोन रकाने केले. त्यांना महिन्याला पैसे मिळतात, धान्य नाही. त्या काम सोडू शकतात. त्यांची मुलगी दुसरं काही शिकू शकते, आमच्याच वर्गात शिकू शकते. हे सगळं वेगळं. मग ती मुलगी म्हणाली, "पण त्यांना लिफ्ट दुसरी आहे." मी फळ्यावर तेही लिहिलं. पुसलं नाही. पालकहो, त्या संध्याकाळी तुमच्यापैकी काहींच्या घरी हा प्रश्न आला असेल. टाळू नका एवढीच विनंती.

वाईट वर्षंही सांगा

रोजचं जीवन म्हणजे सण, जत्रा, गोडधोड एवढंच नाही. १६३० साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, गावंच्या गावं ओस पडली. युरोपात १३१५ पासून सलग पावसाने पिकं कुजली आणि मोठा दुष्काळ पडला. एकीकडे पाऊस नाही म्हणून, दुसरीकडे पाऊस थांबत नाही म्हणून. उपाशी राहिला तो शेतकरीच. कोठारात एक वर्षाचं धान्य असणं आणि नसणं यावर त्या काळात कुटुंबाचं सगळं अवलंबून होतं. हे कळलं की मुलं 'सुवर्णकाळ' हा शब्द जपून वापरायला लागतात.

पालकांसाठी, एका रविवारचं काम

एक, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा: तुमच्या लहानपणी पाणी कुठून यायचं, दिवा कशाचा होता, दळण कुठे व्हायचं, आणि कुणाला कुठे यायला बंदी होती? मुलाने लिहून घ्यायचं, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

दोन, पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिवे, अडकित्ते, भांडी, कुलपं, कंगवे, अशा रोजच्या वापराच्या वस्तूंचा एवढा संग्रह दुसरीकडे क्वचितच दिसेल. एकच दालन बघा आणि मुलाला तिथल्या एकाच वस्तूचं चित्र काढू द्या. सगळं बघायची घाई नको. मोडीतले जुने कागद कसे असतात याची उत्सुकता असलेल्या मोठ्या मुलांसाठी १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यातच आहे.

तीन, आपली रामनदी भुकूमजवळच्या खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते. एकदा मुलांना घेऊन तिच्या काठाने चालून या. नळ नसलेल्या काळात वस्ती कुठे बसली असेल, गुरं कुठे उतरत असतील, कपडे कुठे धुवत असतील, हे त्यांना शोधू द्या. आज त्या जागी काय आहे, हेही त्यांना दिसेलच.

त्या मुलाचे वडील नंतर पुन्हा कधी शाळेत आले नाहीत. तो मात्र परत आला, आणि वर्षअखेरीस त्याने जो प्रकल्प दिला तो पाणवठ्यांवर होता. गावातल्या चार जुन्या विहिरींचा नकाशा काढून प्रत्येकीखाली त्याने लिहिलं होतं, पाणी कोण भरायचं आणि कोण नाही. आजोबांना विचारून. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि तो नकाशा मागून घेतला. मध्ययुग शिकवायला सुरुवात करायच्या आदल्या रात्री मी तो दरवर्षी एकदा बघते.